अकिकाची दौत

आमच्या पाथरीच्या घरात सून माप ओलांडून येत नाही, सही करून येते. दारातच अकिकाची दौत ठेवलेली असते. मुठीत मावेल एवढी, लालसर दगडात वेल कोरलेली, वर चांदीचं झाकण. आजोबा एका मुनशींकडे पाणी भरायचे. मुनशींनी त्यांना अक्षरं शिकवली आणि गाव सोडताना ही दौत त्यांच्या हातावर ठेवली. तेव्हापासून आजोबांचा दंडक, या घरात अंगठा लावायचा नाही. सुनेनं दौतीत टाक बुडवायचा आणि दाराशेजारच्या भिंतीवर आपलं नाव लिहायचं.

धाकट्या भावानं आपल्या पसंतीनं लग्न केलं. मुलगी मेंढरांमागं गावोगाव फिरणाऱ्या घरातली. तिला लिहिता येतं का, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नव्हतं. शहाण्यांचं घर ना आमचं! भावाला ठाऊक होतं, पण नवरदेवाच्या तोऱ्यात ती भिंत त्याच्या डोक्यातच आली नाही. मेल्याला एवढंही सुचू नये, माझा पारा असा चढला की विचारू नका.

ती टाक धरून दारात उभी. शाई तिच्या नव्या शालूवर ठिबकायला लागली. मागं अख्खी गल्ली. कुणीतरी फिदीफिदी हसलं. पोरीचा चेहरा पार उतरला, आणि मला तिचं लय वाईट वाटलं.

वडील जुने शाळामास्तर, शिस्तीचे कडक. ते पुढं आले तेव्हा मला वाटलं, आता पोरीचं काही खरं नाही. त्यांनी तिच्या हातातला टाक काढून घेतला. दौतीचं तोंड अरुंद, अंगठा आत जाईना. मग दौत तिरकी करून त्यांनी शाई अंगठ्यावर ओतली आणि भिंतीवर ठसा उमटवला.

"ये माय," ते म्हणाले, "आमच्यात आधी सासरा अंगठा लावतो, मग सून."

तिनं लावला. मग आईनं लावला, मग मी. गल्लीला खरी रीत ठाऊक होती, पण मास्तरांचाच अंगठा भिंतीवर बघून हसणार कोण?

दुसऱ्या दिवशी चहा टाकताना मीही तेच रेटलं. म्हटलं, आमच्या घरच्या रीती जरा जगावेगळ्याच आहेत, मनावर घेऊ नको. तिनं गाळणी पुढं केली.

"ताई, मला वाचायला येत न्हाई," ती म्हणाली, "पण दिसतंय तर. त्या भिंतीवर मामंजींच्या आदी एकबी अंगठा न्हवता."