पस्तीस अंगठे आणि कमळताईचा नकार

परवा मुरबाडजवळच्या एका पाड्यावर माझी चांगलीच फजिती झाली... आणि तरी घरी आले ती नाचतच!

मी पीएचडी करतेय, सिकल सेल या रक्ताच्या आजारावर. रक्त घेण्याआधी फॉर्म वाचून दाखवायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि मगच सुई.

पाड्यावर आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी आदल्या दिवशी निरोप फिरवला होता, "उद्या शाळेत अंगठा द्यायला या." बायका आल्या, मी भराभर फॉर्म वाचला, अर्ध्या तासात पस्तीस अंगठे! मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली...

खुर्चीवर पहिली बसली कमळताई. दंडाला पट्टा बांधला तशी म्हणाली, "रेशनच्या अंगठ्याला रगत कशाला लागतं गो?"

मी गारच पडले. महिनाभर रेशनच्या केवायसीचे अंगठे चालले होते. अंगठा म्हणजे रेशन, हे ना आशाताईंच्या डोक्यात आलं ना माझ्या.

कागदावर सगळं चोख होतं, आणि संध्याकाळपर्यंत नमुने लॅबमध्ये पोचवायचे होते. खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झाला... पण कमळताईचा दंड माझ्या हातात होता. पट्टा सोडला आणि पस्तीसच्या पस्तीस फॉर्मवर काट मारली.

मग खाली बसून पहिल्यापासून सांगितलं. रक्त किती, कशासाठी, उरलेलं पुढच्या संशोधनासाठी मुंबईला फ्रीजमध्ये राहील, आणि नाही म्हटलं तरी रेशन, दवाखाना काही अडणार नाही. दहाबारा जणी उठून घरी गेल्या.

कमळताई मात्र बसून होती. "तपासा, मना काय हाय ता सांगा. पन उरलेलं ठेवायचं नाय. माझ्या मागारी त्याचं काय करतील, मना काय ठावं?"

फॉर्मवर त्यासाठी वेगळी चौकट असते. दोन वर्षांत तिथे एकदाही 'नाही' आलं नव्हतं, आणि मी त्याला लोकांचा विश्वास समजत होते! मी इतक्या आनंदाने खूण केली की तिला हसू फुटलं, "नाय बोलले तरी खूष? कशी बाय तू!"

कालपासून ते दोन वर्षांतले सगळे 'हो' डोळ्यापुढे येतायत... सोमवारपासून त्या प्रत्येक पाड्यावर पुन्हा जायचंय, या वेळी खरंच विचारायला. कमळताई, थँक्यू गो!