तो पडला नाही ती दुपार
कूलरच्या नव्या वाळ्यावर पहिलं पाणी पडलं, की त्या वासासोबत मला आमचा कुत्रा आठवतो. त्याला झोपेचा विचित्र आजार होता. फार आनंद झाला की तो धावताधावता गाढ झोपून कोसळायचा. सगळ्यात जास्त कोसळायचा तो बाबांसाठी. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानातून ते दुपारी जेवायला आले, की स्कूटरच्या आवाजावर हा धावत सुटे आणि फाटकाशीच आडवा होई. डॉक्टरांनी दिलेली गोळी आई रोज पोळीत लपवून द्यायची. मे महिन्यातल्या एका दुपारी मात्र बाबा आत आले आणि तो उभाच राहिला. शेपटी खाली घालून तो बाबांच्या पोटाची एकच जागा हुंगत होता. "पाह्य वं, पडला नाही आज! गोळी लागू पडली याले," बाबा खुशीत म्हणाले. "मंग काहून रडून राहिला हा?" आईने विचारलं, पण तिने शिरा केलाच. बाबांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं. पावसाळा संपायच्या आत ते पोटाच्याच आजाराने गेले. आज माझ्याकडे दुसरा कुत्रा आहे. घरी आलो, की त्याची शेपटी हलेपर्यंत मी चपला काढत नाही.