पंचवीस गुणांची साय

कोडोलीच्या महिला दूध संस्थेत तानाबाई फॅट काढायला, म्हणजे दर ठरवणारा दुधातला सायीचा अंश मोजायला, बसल्या आणि गावात दोन पक्ष पडले. एक, ज्यांच्या म्हशीला त्यांनी काल कमी फॅट लावली त्यांचा. आणि दुसरा, ज्यांच्या म्हशीला त्या उद्या कमी लावणार होत्या त्यांचा. सख्ख्या जावेच्या म्हशीला त्यांनी पाच पॉइंट दोन लावली तेव्हा जावेनं दोन वर्षं बोलणं टाकलं. दूध मात्र रोज घातलं, कारण काटा खरा होता हे तिलाही ठाऊक होतं.

अशी ही करडी बाई आयुष्यात एकाच ठिकाणी भेसळ करायची. बुद्धिबळाच्या पटावर, तेही फक्त व्याह्यांसमोर.

लहानपणी भाऊ आकारामचा पाय मोडला, तो सहा महिने खाटेवर पडला, आणि त्याला करमावं म्हणून तानाबाई बुद्धिबळ शिकल्या. भावाचा पाय बरा झाला, बहिणीचं वेड काही बरं झालं नाही. पुढं लेक तेजस्वी मंगळवार पेठेत सयाजीरावांच्या घरी दिली. सयाजीराव पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंता. कालव्यातून पाणी सोडायचं थांबलं तसं त्यांनी तोंडातून भाषणं सोडायला सुरुवात केली. त्यांनाही बुद्धिबळाचा नाद. मुलीच्या आईनं व्याह्याला हरवू नये असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही, पण लिहायची गरजही कुणाला वाटलेली नाही. म्हणून दर सणाला तानाबाई विसाव्या चालीच्या सुमाराला आपला वजीर अलगद व्याह्यांच्या घोड्यासमोर नेऊन ठेवायच्या आणि कपाळावर हात मारायच्या, "आगं बया, दिसलंच न्हाय की."

"नजर लागती, विहीणबाई," सयाजीराव मिशीतल्या मिशीत म्हणायचे. तीन वर्षांत असे अकरा डाव झाले.

दोन हजार चारच्या नागपंचमीला सयाजीरावांनी विहिणीला नवा कॉम्प्युटर दाखवला. त्यावर जगभरातली माणसं बुद्धिबळ खेळत होती आणि प्रत्येकाच्या नावापुढं एक आकडा होता. सयाजीरावांच्या पुढं पंधराशे बारा. कॅलेंडरवर ज्या चौकोनात सूनबाई दुधाचे लिटर मांडायची, त्याच चौकोनात वर सासरे रोजचं रेटिंग मांडू लागले होते.

"हितं नातं चालत न्हाय, विहीणबाई. तुमी खेळला तर हजाराच्या आतच राहशीला."

तानाबाई गोड हसल्या. पुढच्या गुरुवारी संस्थेचे कागद घेऊन त्या कोल्हापुरात उतरल्या आणि स्टँडवरून सरळ शाहूपुरीत शिवशरणच्या सायबर कॅफेचा जिना चढल्या. नऊवारीतली, डोक्यावर पदर घेतलेली बाई दारात बघून पडद्यांआडची दोन जोडपी मागच्या जिन्यानं उतरली. शिवशरण तिशीतला, घरी कन्नड बोलणारा, सोशिक माणूस. त्यानं त्यांना माउस धरायला शिकवलं आणि नाव विचारलं. तानाबाईंनी आपल्या साडेसहा फॅटच्या म्हशीचं दिलं. चंद्री.

दुसऱ्या गुरुवारी त्या काउंटरवर उभ्या.

"शिवशरण, तुझं मशीन चोर हाय. मगाशी हरलो तर चोवीस गुण काटलं. आता जिंकलो तर आठच दिलं. वरचं सोळा कुणी खाल्लं?"

हे वाक्य त्यांच्या चांगलंच ओळखीचं होतं. पंधरा वर्षं हेच वाक्य बायका त्यांना रोज सकाळी ऐकवत आल्या होत्या.

"कुणी खात न्हाय, आक्का," शिवशरण म्हणाला. "मशीन डावाच्या आधीच अंदाज बांधतं. दोघं बरोबरीची असली तर आशा निम्मी निम्मी. जिंकंल त्याला सोळा, हरंल त्याचं सोळा. तुमी दोनशे गुणांनी वर असला तर मशीन म्हणतं, चारातलं तीन डाव ह्या बाईनं जिंकायलाच पायजेत. मग जिंकला तर आठच. आनि खालच्याकडनं हरला तर चोवीस जात्यात. एकाचं जातंय तेवढंच दुसऱ्याला मिळतंय."

तानाबाईंचा चेहरा फुलला. "म्हंजे म्हशीनं साडेसहा फॅट दिली तर तिचं काय कौतुक, ती द्यायचीच. पर गाईनं साडेसहा दिली तर सगळी संस्था बघाय लोटंल. व्हय की न्हाय? मग चोर न्हवं रं, मशीन शहाणं हाय."

त्यानंतर त्यांना कोल्हापुरात फार कामं निघू लागली. डोळे तपासायचे, बँकेत सही द्यायची, पुन्हा डोळे तपासायचे. पितृपंधरवड्यात चंद्री चौदाशे चाळीसवर होती आणि समोर यादीत, भर दुपारी, सयाजीराव मंगळवार पेठ असं नाव लुकलुकत होतं. इथं नातं चालत नाही हे त्यांनीच सांगितलेलं. तानाबाईंनी पहिला डाव जिंकून एकोणीस गुण उचलले, दुसरा जिंकून अठरा. अकरा डावांचं तुंबलेलं पाणी एका दुपारी मोकळं झालं. परतीच्या एसटीत त्या इतक्या हसत होत्या की शेजारच्या बाईनं जागा बदलली.

आठवड्यानं तेजस्वीचा फोन आला.

"आई, मामंजींचं काय खरं न्हाय. कोण चंद्री म्हणून हाय, तिनं त्यांस्नी चौदाशे पंच्याहत्तरवर आणलंय. सकाळी फिरायच्या ग्रुपमधी मामंजींनी पंधराशेवाला म्हणून सांगितलेलं, आता तिकडं जाईनात. रंगाऱ्याला परत पाठवलं. फ्रिजचं बघूया म्हणाले. माझं माहेरी यायचं विचारलं तर म्हणाले, मन ठिकाणावर न्हाय तवर कसला निर्णय न्हाय."

तेजस्वीला पाचवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि आठव्यात गर्भारशीला प्रवास नाही. म्हणजे सातवा संपायच्या आत व्याह्यांचं मन ठिकाणावर, अर्थात पंधराशेवर, यायला हवं होतं. जावयानं बापाला दोनदा विचारून पाहिलं आणि दोन्ही वेळा तो कालव्याच्या गळतीवर भाषण ऐकून परत आला.

"मग खेळून वर जावं की त्यांनी," तानाबाई म्हणाल्या.

"एकच डाव खेळणार म्हणत्यात. त्यात पंधराशे झालं तर ठीक, न्हायतर कॉम्प्युटर माळ्यावर. आनि गणित मांडलंय. बरोबरीच्याला हरवून सोळाच मिळत्यात. एका डावात पंचवीस पायजेत तर समोर सतराशेवाला पायजे. पर सतराशेवालं कुणी त्यांच्याशी खेळंना."

कसा खेळेल? जिंकला तर सात मिळणार आणि हरला तर पंचवीस जाणार. एवढा खुळा माणूस जगात कोण? तानाबाईंनी फोन ठेवला आणि त्यांच्या लक्षात आलं की असा एकच खुळा माणूस आहे, आणि त्याला आधी सतराशेवर चढावं लागेल. खालच्या आकड्यावरून देऊन देऊन काय देणार? उंचावरून पडेल त्याचंच पाणी दूर जातं, हे तर कालवेवाल्यांनाही माहीत.

मग दोन महिने तानाबाई लढल्या. सकाळी फॅट काढायची, दहाची एसटी धरायची, दुपारी कुठल्याशा रशियनाला लोळवायचं आणि संध्याकाळच्या धारेला घरी. नवरा बाळासो एवढंच म्हणाला, "डोळ्यांचा डाक्टर लई बारकाईनं बघतोय म्हणायचा." सोळाशेच्या पुढं चढ खडा होता. एकदा ऐन जिंकत्या डावात भारनियमनानं लाइट गेली आणि चौदा गुण पाण्यात गेले. त्या दिवशी शिवशरणनं वीज मंडळाबद्दल अशी मराठी ऐकली की तो ती घरी कन्नडमध्ये सांगू शकला नाही.

सातव्याचे पाच दिवस उरले असताना गुरुवारी चंद्री बरोबर सतराशे झाली. अख्ख्या आयुष्यात कुणी न दिलेला, स्वतः कमावलेला आकडा. तानाबाईंनी पडद्यावर बोट फिरवून तो पुसून पाहिला. तसाच राहिला.

"आता सयाजीरावांस्नी बोलाव," त्या म्हणाल्या.

शिवशरणला सगळा बेत कळला तसा तो नाराज झाला. "आक्का, मुद्दाम हरायचं म्हंजे दुधात पाणी की वो."

तानाबाईंना ते लागलं. जावेशी दोन वर्षं अबोला सोसलेली बाई ती. माउस बाजूला सारून म्हणाल्या, "पाणी न्हवं रं. साय हाय ती. माझ्यातली काढून त्यांच्यात घालतोय."

मंगळवार पेठेतून आव्हान क्षणात स्वीकारलं गेलं. आणि मग असा पेच आला की जो तानाबाईंनी धरलाच नव्हता. सयाजीराव घाबरून इतकं वाईट खेळत होते की त्यांच्याकडून हरणं अशक्य होतं, आणि जिंकता डाव उगाच सोडून दिला तर त्यांना संशय आला असता. नवव्या चालीला त्यांनी उंट फुकट दिला. तानाबाईंनी दोन प्यादी दिली. त्यांनी हत्ती दिला. तानाबाईंनी वजीर घोड्यासमोर नेऊन ठेवला. सयाजीराव पाच मिनिटं विचार करून बाजूला सरकले. सतराशेवालीचा वजीर, म्हणजे सापळाच.

"घ्या की वो," तानाबाई पडद्याला म्हणाल्या.

त्यांनी वजीर दुसऱ्या घरात देऊ केला. नाही घेतला. रोज दोनला जाणारी लाइट त्या दिवशी अडीच झाले तरी जाईना. तानाबाईंनी मंडळाला उलट शिव्या घातल्या. शेवटी तिसऱ्यांदा, विसाव्या चालीला, वजीर पुन्हा घोड्याच्या तोंडाशी ठेवला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा वजीर गेलेला होता. त्यांनी ताबडतोब डाव सोडला.

चंद्री सोळाशे पंच्याहत्तर. सयाजीराव पंधराशे. ना एक कमी, ना एक जास्त.

त्या संध्याकाळी रंगाऱ्याला निरोप गेला, फ्रिज ठरला, आणि तेजस्वीला घेऊन जायला विहिणीनं रविवारी यावं असा फोन कोडोलीत वाजला.

रविवारी तेजस्वीच्या पिशव्या उंबऱ्यात तयार होत्या. "तेवढा एक डाव," सयाजीराव म्हणाले. पट मांडला. व्याह्यांचा मूड जपायचा म्हणून तानाबाईंनी नेहमीसारखा विसाव्या चालीला वजीर घोड्यासमोर ठेवला आणि कपाळाकडं हात नेला.

सयाजीराव वजिराकडं बघत राहिले. मग विहिणीकडं. मग परत वजिराकडं.

"विहीणबाई, हा वजीर मी गुरुवारी बघितला."

तानाबाईंचा हात कपाळावरच राहिला. उंबऱ्यातल्या पिशव्या परत आत जाताना त्यांना दिसू लागल्या.

"म्हंजे अकरा डाव असंच," सयाजीराव म्हणाले. मिशी थरथरली, आणि त्यांनी खिशातून पेन काढून कॅलेंडरवर हिशेब मांडायला घेतला. "तुमचं आता सोळाशे पंच्याहत्तर. मी हरून परत द्यायचं म्हटलं तर पयल्या डावात नऊ, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात सात. चोवीसच होत्यात. तीनदा हरून बी एक राहतोच."

"पावणं, मग चारदा हरा की. तुमास्नी काय अवघड हाय?"

तेजस्वीनं श्वास धरला. सयाजीराव आधी घोगरे, मग मोठ्यानं हसले, आणि विहिणीचा वजीर उचलून त्यांनी स्वतःच्या हातानं जागेवर परत ठेवला. "ती चाल मागं घ्या. आता फॅट काढायला बसल्यागत खेळा."

तानाबाई तशा खेळल्या. दहाव्या मिनिटाला व्याह्यांवर मात झाली, मग "अजून एक", मग "शेवटचा", आणि कोडोलीच्या तीन एसट्या तेजस्वीच्या पिशव्यांना टाटा करून गेल्या.

बाळंतपण कोडोलीत झालं. मुलगी. तानाबाईंनी फोन लावला.

"वजन?" सयाजीरावांनी विचारलं.

"तीन किलो शंभर."

"डाक्टरचा अंदाज किती हुता?"

"दोन किलो सातशे."

"मग चढली की पोरगी जन्मताच. मांडून ठेवतो," सयाजीराव म्हणाले, आणि फोनमधून कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला.