दळवींची हिंगाची डबी

दळवींनी दार उघडले, पण साखळी काढली नाही. फटीतून एक डोळा मला न्याहाळत होता. जाहिरातीतले इंजिन पाहायला आलो आहे, असे मी सांगितल्यावर आतून प्रश्न आला, "खेळतल्यात काय विकतल्यात?"

साठी उलटल्यावर मला छोट्या आगगाड्यांचा छंद लागला होता आणि तो चारचौघांत कबूल करण्याचा मला संकोच वाटे. "खेळणार," हे उत्तर मी इतक्या हलक्या आवाजात दिले, की ते त्यांना संशयास्पदच वाटले असावे.

दळवींचे आयुष्य बँकेत रोखपालाच्या खिडकीमागे गेले होते. नोटा उजेडात धरून पाहण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. मी नेलेला पेढ्यांचा पुडाही त्यांनी खिडकीकडे धरून पाहिला. "कोण गोड वागूक लागलो, की मी खिसो चाचपतंय," असे ते म्हणत. हात थरथरू लागल्यामुळे ते आपली जुनी इंजिने एकेक करून विकत होते. जाहिरातीत 'किरकोळ दुरुस्ती आवश्यक' असे लिहिले होते. नेमके काय बिघडले आहे, असे मी विचारले, तर म्हणाले, "उघडून बघा, कळेल." पुढे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही; पैसे देऊन एक हिरवे इंजिन घेतले आणि निघालो.

बोरिवलीला घरी येऊन मी ते हिरवे इंजिन उघडले. मोटारीला वीज पोचवणारे, शिसपेन्सिलीच्या टोकाएवढे दोन कार्बन असतात. त्यांतला एक गायब होता. स्क्रूच्या गंजावर ताजा, चकचकीत ओरखडा होता. म्हणजे तो कार्बन नुकताच कोणीतरी काढला होता.

"कोणीतरी काय? त्यांनीच काढलाय," पत्नी म्हणाली. "आणि तू पेढे घेऊन गेलास."

"जाऊ दे ना. बाजारात मिळेल दुसरा."

"मिळेल रे. पण त्या माणसाला एकदा विचार तरी."

भांडण मला जमत नाही. बोरिवलीहून मुलुंडला दळवींकडे जाताना बसमध्ये मी एकच कठोर वाक्य घोकत गेलो. प्रत्यक्षात दार उघडताच ते विसरलो आणि म्हणालो, "क्षमा करा, एक कार्बन बहुधा इथेच राहिला."

दळवींनी साखळी काढली. "इलात? या, बसा."

स्वयंपाकघरातून त्यांनी हिंगाची रिकामी डबी आणली आणि त्यातला एक काळा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. त्यांनी विकलेले पहिले इंजिन घेणाऱ्याने लगेच दुसऱ्याला विकले होते; तेव्हापासून ते प्रत्येक इंजिनातला एक कार्बन काढून ठेवत. "विकणाऱ्याक इंजिन चालला काय, नाय चालला काय, सारखाच. ज्याका चालवचा असता, तो परत येता."

"आणि रागावून कोणी पोलिसांत गेला तर?"

"जाऊ दे की. त्याचोय जीव इंजिनात अडकलेलो असतलो."

त्यानंतर मी त्यांच्याकडे जात राहिलो. साखळी काढली जाई. संशय मात्र कायम असे. "वळणावर जोरात सोडणत नाय ना?" हा प्रश्न चहाआधी येई. एकदा ते आमच्याकडे आले. हिरवे इंजिन रुळांवरून फिरू लागले आणि तापलेल्या मोटारीतून हिंगाचा किंचित वास आला. प्रत्येक वळणापाशी दळवींचा हात आपोआप पुढे होई.

गेल्या वर्षी ते गेले. आवराआवर करताना त्यांच्या मुलीने मला बोलावले. ओट्यावर ती डबी उघडी होती आणि तळाशी बरेच तुकडे होते. ते कशाचे आहेत, हे मी तिला सांगितले.

तिने एक तुकडा चिमटीत उचलला. "म्हणजे बाबांनी या सगळ्यांना फसवलं?"

परत न आलेल्यांतले काहीजण नुसतेच विकणारे असतील. काहीजण मात्र माझ्यासारखे असतील; परत येऊन विचारायला संकोचले असतील, आणि इंजिन कुठल्यातरी फळीवर बंद पडून असेल. "मीही येणार नव्हतो," एवढेच मी म्हणालो, आणि डबी मागितली.

तिने डबी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, मग माझ्याकडे पाहिले.

"काका, तुम्ही हिचं काय करणार?"