चौदाव्या प्रकरणातला आजारी

आमच्या चर्चच्या भगिनी मंडळाने ज्या माणसासाठी अख्खा शुक्रवार कडकडीत उपास केला, तो माणूस या जगात नव्हता. म्हणजे वारला होता असं नव्हे. तो माझ्या कादंबरीच्या चौदाव्या प्रकरणात होता.

मी लेखिका आहे. हे मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगत नाही. हैदराबादेत, नल्लकुंट्यात तिसऱ्या मजल्यावर बसून मराठी कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईची वाट कोण बघत बसलंय? प्रकाशकांची 'साभार परत' गोळा करून कंटाळले आणि ठरवलं, जाऊ द्या तिकडे! आपणच लिहायचं, आपणच छापायचं, आपणच विकायचं. (वाचायचंही बहुतेक आपणच.) अशी दोन पुस्तकं काढली. त्यांचे गठ्ठे आमच्या दिवाणाखाली आहेत, त्यामुळे घरी आलेला प्रत्येक पाहुणा निदान माझ्या साहित्यावर झोपून तरी जातो. कापणीच्या सणाला चर्चमध्ये भाज्या-फळांचा लिलाव होतो ना, त्यात मी एकदा माझ्या पुस्तकाची प्रत ठेवली होती. शेजारच्या भोपळ्याला तिच्यापेक्षा जास्त बोली लागली.

मला शोकांत शेवट फार आवडतो. पहिल्या कादंबरीत नायिका गेली. दुसरीत नायक गेला, नायकाची आई गेली आणि त्यांचा कुत्राही गेला. त्याच पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मी तिसऱ्या कादंबरीची ठसठशीत जाहिरात करून टाकली होती. तिथपर्यंत कुणी पोचेल अशी आशा नव्हती, पण पान कोरं राहिलं होतं.

तिसरीचं नाव 'मार्था एकटीच'. तरुण योहान आजारी पडतो, अठराव्या प्रकरणात जातो आणि मार्था उरते. एकटीच! मुखपृष्ठसुद्धा आधीच छापून घेतलं होतं: खिडकीशी पांढऱ्या साडीतली बाई. नारायणगुड्याचे आमचे छापखानेवाले यादगिरी म्हणाले होते, "अम्मा, शादियों का सीझन आगया तो कार्डां छापने में मरतूं मैं. कव्हर अब्बी छाप लेतूं." मी म्हटलं, छापा. योहान मरणार हे नक्की होतं, मग वाट कशाला बघायची?

आता माझ्या लिखाणाची पद्धत सांगते, कारण सगळा घोटाळा तिथूनच झाला. मी लॅपटॉप उघडला की आधी, जेवणाआधी करतात तशी, हात जोडून प्रार्थना करते. (आमचे हे विचारतात, "अगं, खाणार आहेस का तो?") आणि प्रार्थनेत माझ्या पात्रांना नावानिशी आठवते. 'प्रभू, मार्थाला धीर दे, तिच्या सासूला बुद्धी दे, आणि मला पुढचं सुचू दे.' इतक्या वर्षांची सवय. लेक रिबेका पुस्तकाची पानं लावून देते, ती म्हणते, "मम्मी, हे 'वैधव्य' म्हणजे काय जी? इत्तं भारी मराठी कायकू? आणि खोट्या लोकांसाठी कोण प्रेयर करतं?" तिला म्हटलं, तू समासाचं बघ, प्रार्थनेचं मी बघते.

तर एका बुधवारी भगिनी मंडळाची प्रार्थना आमच्या घरी होती. त्या दिवशीही सकाळपासून मी चौदाव्या प्रकरणात अडकलेली. पोहे फोडणीला टाकतानाही योहान डोळ्यांपुढे खोकत होता. सगळ्याजणी आल्या, गाणी झाली, राहेलमावशींनी सुरुवात केली.

राहेलमावशी म्हणजे मंडळाच्या प्रमुख. जामबागेत राहतात, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो. त्यांचे यजमान, आमचे काका, गेल्यापासून त्यांचं एक होतं. स्तुती करत, उपकार मानत, पण देवाकडे काही मागत नसत. मागण्यांची वेळ आली की म्हणत, "आता बाकीच्या मागा." का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. काकांच्या आजारपणात त्यांनी फार मागितलं होतं.

त्या दिवशी "बाकीच्या मागा" म्हटल्यावर माझी पाळी आली. मी डोळे मिटले, हात जोडले, आणि सवयीने गाडी घसरली! "प्रभू, योहान दवाखान्यात आहे. ताप उतरत नाही. मार्था एकटी आहे, कडेवर पोर आहे, सासू बोलत नाही. त्याचं काय करावं मला काही कळत नाही, बापा!"

"आमेन," सगळ्याजणी म्हणाल्या. मी डोळे उघडले, तर समोर पदरच पदर. दोघी मुसमुसत होत्या!

तेव्हाच सांगायला हवं होतं की बायांनो, हा कादंबरीतला आहे. तोंड उघडलंही होतं. पण खरं सांगू? माझं काही ऐकून आजवर कुणी रडलं नव्हतं. कुत्रा मेला तेव्हासुद्धा नाही! मी म्हटलं, एक मिनिट रडू देत, मग सांगते. तेवढ्यात आमच्या यांनी चहा आणला, आणि पोह्यांवर तुटून पडलेल्या बायांना कुणी काही सांगू शकतं का?

दुसऱ्या दिवशी राहेलमावशींचा फोन. "एस्तेर, कुठं ठेवलंय त्याला?"

"सरकारी दवाखान्यात," मी म्हणाले. (कादंबरीत तसंच होतं. खोटं काय बोलले?)

"पोरगं केवढं?"

"दीड वर्षाचं. चालायला लागलंय." हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं!

"आणि सासू का बोलत नाही गं?"

"लग्न तिच्या मनाविरुद्ध झालं ना. तिनं आपल्या भाचीला शब्द दिला होता."

फोन ठेवला आणि धावत लॅपटॉप गाठला. तीन आठवडे अडलेलं प्रकरण एका बैठकीत झालं! मग रोज फोन येऊ लागला. मावशी विचारत, मी घडाघड सांगत असे आणि नंतर तेच लिहून काढत असे. इतकं चांगलं मी जन्मात लिहिलं नव्हतं. आता सांगायला कसं जमणार होतं?

शनिवारपासून डबे यायला लागले. पहिलाच डबा मटण शोरब्याचा, 'योहानला ताकद येऊ दे' अशा निरोपासकट. मी डोक्याला हात लावला. आमच्या यांनी मात्र झाकण उघडलं.

"अहो, आजाऱ्यासाठी आहे तो!"

"मग नेऊन दे चौदाव्या प्रकरणात," म्हणाले आणि पाव आणायला गेले. खाताना त्यांच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी. "आजारी माणसाला एवढं तिखट? पण चव बघ! एस्तेर, त्याला इतक्यात बरा करू नकोस हं. आणि मारूही नकोस."

त्यानंतर खिमा आला, मग पायाचं सूप. हे रोज दार उघडायला माझ्याआधी धावायचे. योहान खंगत चालला होता आणि आमच्या यांच्या विजारीची बटणं लागेनात.

पुढच्या बुधवारी मी ठरवूनच गेले, आज सांगायचंच. तर मागण्यांच्या वेळी राहेलमावशींनी "बाकीच्या मागा" म्हटलंच नाही. तो शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज अगदी बारीक झाला. "देवा, योहानला वाचव. त्या पोरीला एकटं ठेवू नकोस. एकटं राहणं फार वाईट असतं." आणि वर जाहीर केलं, "शुक्रवारी सगळ्यांनी उपास. योहानसाठी."

इतक्या वर्षांनी या बाईनं काही मागितलं, आणि कुणासाठी? तर जो अठराव्या प्रकरणात मरणार, हे मुखपृष्ठावर छापूनसुद्धा झालंय त्याच्यासाठी!

शुक्रवारी उपास झाला. (मीही केला. न करून कुठं जाते?) रविवारी पाळकसाहेबांनी वेदीवरून योहानचं नाव घेतलं आणि सारी मंडळी उभी राहिली. वर राहेलमावशी बाहेर भेटून म्हणाल्या, "कापणीच्या सणाला योहानला घेऊन ये. त्याला समोर उभं करून मी साक्ष देणार, देवाने माझं मागणं ऐकलं म्हणून."

घरी येऊन मी रडकुंडीला आले. रिबेका म्हणाली, "मम्मी, परेशान नक्को हो. ऑफिसमधला एक पोरगा आहे, बारीक आहे एकदम. त्याला दाढी वाढवायला सांगू?"

"खबरदार!" मी ओरडले. हे आतून म्हणाले, "मी उभा राहिलो असतो, पण आता आजारी कोण म्हणेल?"

सोमवारी मी अठरावं प्रकरण लिहायला बसले. म्हटलं, मारून टाकावं आणि मोकळं व्हावं. लिहिलं, 'योहानचा श्वास मंदावला.' खोडलं. लिहिलं, 'पहाटे दिवा विझला.' खोडलं. दर वेळी राहेलमावशींची ती खाली घातलेली मान दिसायची. माणसं, म्हाताऱ्या, कुत्री मारताना ज्या हाताला काही वाटलं नव्हतं, तो हात हलेना. मला मेलीला त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याच पात्राच्या जिवाची भीती वाटली. शेवटी डोळे पुसले आणि लिहिलं, 'सकाळी योहानने डोळे उघडले आणि चहा मागितला.' तो चहा मागतोय बघून मी एकटीच हुंदके देत बसले.

योहान वाचला, पण माझं काय? कापणीच्या सणाला कुणाला उभं करू? सरळ रिक्षा केली आणि जामबाग गाठलं. राहेलमावशी मेथी निवडत होत्या.

"मावशी, योहान..." मी दारातूनच सुरुवात केली.

मेथी खाली पडली. "गेला?"

"नाही हो! बरा झाला. चहा मागितला. पण मावशी, तो खरा नाहीये. तो माझ्या कादंबरीतला आहे. मी सांगणार होते, पण त्या दिवशी तुम्ही सगळ्या रडलात, आणि माझ्या लिखाणावर कुणी रडतच नाही हो..."

मावशींनी डोळे मिटले. मला वाटलं, आता गणिताच्या बाई जाग्या होणार. पण त्यांनी पुटपुटत उपकार मानले, डोळे उघडले आणि मेथी गोळा करायला लागल्या.

"ते माहीत आहे गं. वाचला ना? मग झालं."

"माहीत आहे?"

"हौ! तुझ्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर काय छापलंयस? 'लवकरच येत आहे! योहानचं आजारपण आणि मार्थाचं वैधव्य, एक हृदयद्रावक कहाणी!' फोन केला त्याच दिवशी संध्याकाळी आठवलं मला."

मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही असती, पण आधी दुसरंच तोंडातून निघालं. "मावशी, तुम्ही शेवटच्या पानापर्यंत वाचलंत?"

"दोन्ही वाचली. सगळ्यांना मारतेस! कुत्र्याने काय बिघडवलं होतं तुझं?"

"मग ते डबे?"

"तुझा मनोहर खाणार हे मला कळत नाही? आजाऱ्याला कुणी इतकं तिखट घालतं का?"

"आणि उपास? सगळ्यांना उपाशी ठेवलंत!"

"सगळ्यांना सांगूनच ठेवलं. एक पाळकसाहेब सोडले तर अख्ख्या मंडळाला ठाऊक आहे. उपासाने कुणाचं वाईट होतं गं? आणि आम्ही योहानसाठी थोडाच केला? तुझ्यासाठी केला. देवा, या बाईचा हात आवर, म्हणून!"

मग त्यांनी मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. "तुझे काका गेले तेव्हापासून माझ्याच्यानं मागवत नव्हतं, एस्तेर. देव परत नाही म्हणाला तर काय करू, अशी भीती वाटायची. म्हटलं, पुस्तकातल्या माणसापासून सुरुवात करू. इथं नाही म्हटलं, तर निदान भांडायला लेखिका नल्लकुंट्यात सापडते!"

आम्ही दोघी हसलो, मग रडलो, मग मेथी निवडली. पाळकसाहेबांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. ते ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि एवढंच विचारलं, "आणखी कुणी आहे का असं, ज्याचं नाव मी वेदीवरून घेतलंय?"

मुखपृष्ठ काही बदललं नाही. यादगिरी म्हणाले, "अम्मा, आदमी बचगया तो अच्छीच बात है, लेकिन कव्हर तो छपगया." त्यामुळे 'मार्था एकटीच' या कादंबरीत मार्था शेवटपर्यंत नवऱ्यासोबत आहे.

कापणीच्या सणाला चर्चच्या अंगणात प्रकाशन झालं. राहेलमावशींनी ठरल्याप्रमाणे साक्ष दिली, योहानऐवजी पुस्तक उंच धरून. आणि आश्चर्य म्हणजे गठ्ठा सुटला! भोपळे राहिले आणि पुस्तक संपलं! बघता बघता सहीसाठी रांग लागली. मी पदर सावरला, नवं पेन काढलं, खुर्चीत नीट बसले.

रांग माझ्यासमोरून पुढे सरकली आणि राहेलमावशींच्या टेबलाशी जाऊन थांबली.

"अगं, लेखिका मी आहे!" मी रांगेतल्या एकीला म्हटलं.

"हौ, पण त्याला वाचवलं मावशींनी ना! तुम्ही तर मारायला निघाला होतात."

तेवढ्यात मावशींचं पेन संपलं म्हणून कुणीतरी माझं नवं पेनही मागून नेलं. रिकाम्या हातांनी बसून काय करायचं? माझी प्रत उचलली आणि मीही रांगेत जाऊन उभी राहिले.