यादीत दोनच नावं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा नाही — तिथं तर मी भलतंच काहीतरी मागून मोकळी होते. तुम्हाला सांगतेय म्हणून लगेच विरघळू नका. "होतं असं माणसाकडून" म्हणायचं असेल तर आत्ताच उठा कसे. मला ते ऐकायचं नाही.

चेन्नईजवळ आवडी म्हणून गाव आहे, तिथल्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहून मला सोळा वर्षं झाली. नवरा फॅक्टरीत, मी जवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. माहेर साताऱ्याचं. तमिळ अजून भाजीवाल्यापुरतंच येतं. आणि तापट आहे — हे कुणीही सांगेल, त्यासाठी कबुली द्यायची गरज नाही.

सुगुणा आमच्या शाळेत कॉन्ट्रॅक्टवर आली. विज्ञानालाच. तंजावरच्या मराठी घरातली, पिढ्यान् पिढ्या इकडेच वाढलेली माणसं. रोज पेरंबूरहून ट्रेननं यायची. घरी म्हातारी आई, आणि कमावणारी ही एकटी. पहिल्या दिवसापासून मला "अक्का" म्हणायला लागली. आणि तिचं ते मराठी! "अक्का, अस्की मुलं आली काय?" अस्की म्हणजे सगळी. वर तमिळ हेल. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांत मी तिची हुबेहूब नक्कल करायचे. एकदा तर ती मागेच उभी होती. तीही हसली. काय करणार बिचारी?

पण खरा राग भाषेचा नव्हताच. आता इतकं बोलतेय तर खोटं कशाला बोलू? राग मुलांचा होता. मी इतकी वर्षं घसा फोडला, आणि मधल्या सुट्टीत पोरं घोळका करून उभी कुणाभोवती? तर हिच्याभोवती. माझ्या वर्गातली पोरं शंका विचारायला तिच्याकडे जायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

असो. मुद्द्यावर येते. येतेय — थांबा जरा.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीचे फोटो जमवायचं काम माझ्याकडे होतं. ड्राइव्हवर माझं एकच मोठं फोल्डर, नाव "आवडी". त्यात गणपतीचे फोटो, त्यातच शाळेचं फोल्डर, आणि शाळेच्या फोल्डरात सहामाहीच्या प्रश्नपत्रिका. नववीचा विज्ञानाचा पेपर मी आणि सुगुणानं मिळून काढला होता, म्हणून त्या आतल्या फोल्डरचा ॲक्सेस आम्हा दोघींनाच. बायकांनी ग्रुपवर तगादा लावला — फोटो कुठंयत, फोटो कधी टाकताय. मी वैतागले. बाहेरच्याच फोल्डरला "लिंक असलेले कोणीही" करून टाकलं आणि ती लिंक ग्रुपवर फेकली. घ्या, बघा काय ते!

बाहेरचं दार उघडलं की आतल्या खोल्याही उघड्या पडतात, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. शाळेत बाकीच्यांना हे ट्रेनिंग मीच दिलं होतं. मंडळातली निम्मी मुलं आमच्याच शाळेत आहेत, हेही माहीत होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पेपर मुलांच्या मोबाइलवर फिरला. पेपर रद्द झाला. मुख्याध्यापकांनी निरोप पाठवला — अर्ध्या तासात दोघींनी यायचं, ॲक्सेसची यादी घेऊन.

मी लॅपटॉप उघडला. लिंक उघडीच होती. तीन आठवडे! तेव्हा काय करायला हवं होतं, ते तुम्ही मला शिकवू नका. मी काय केलं ते ऐका. मी लिंक बंद केली. मग यादी उघडली. दोनच नावं — माझं आणि तिचं.

तीच स्क्रीन मी सरांपुढे फिरवली. म्हटलं, "दोघींनाच ॲक्सेस आहे, सर."

यात खोटं काय होतं? एक अक्षर नाही. मी सुगुणाकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. गरजच काय होती? एकीकडे इतक्या वर्षांची कायम शिक्षिका, दुसरीकडे कॉन्ट्रॅक्टवाली. सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे वळली आणि सरांना कळू नये म्हणून मराठीत म्हणाली, "अक्का, मी कोणालाच दाखिवलं नाही. तुम्ही तरी सांगा की."

मी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत राहिले.

एवढ्यावर थांबले असते तर भित्री म्हणून तरी सुटले असते. त्याच संध्याकाळी मंडळातल्या एका बाईचा फोन आला. तिची मुलगी नववीत. चाचरत विचारायला लागली, "ताई, त्या गणपतीच्या लिंकमध्ये शाळेचंही काही होतं का हो? आमची म्हणतेय…" मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, "तोंड उघडलंस तर आधी तुझ्या पोरीला शाळेतून काढतील." तिनं घाबरून फोन ठेवून दिला. आजही जिन्यात भेटली की खाली बघून जाते.

शुक्रवारी सुगुणाच्या हातात पत्र पडलं. गोपनीयतेचा भंग. ती रडली नाही. पर्स उचलली, सगळ्यांना हात जोडले — मलाही — आणि गेली. मी तिथंच बसून तिचं नाव फोल्डरमधून काढून टाकलं. आता माझं एकटीचंच नाव उरलं.

आणि हे शेवटचं. महिन्याभराने मला मेल आला — सुगुणा ॲक्सेस मागत होती. खाली तिनं लिहिलं होतं, "अक्का, माझे अस्की धडे तिथंच आहेत. दुसऱ्या शाळेत मुलाखत आहे, दाखवायला लागतात. उघडून द्याल काय?" तिनं स्वतः तयार केलेले व्हिडिओ धडे ते, शाळेत माझ्याच लॅपटॉपवरून चढवलेले. हातानं काढलेली चित्रं, घरच्या वाट्या-चमच्यांनी केलेले प्रयोग, प्रत्येकाला तिचा आवाज. कॉपी करून पाठवायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं. पण बोलणं सुरू झालं असतं, तिनं काहीतरी विचारलं असतं, आणि मला तिच्याशी बोलायचंच नव्हतं. मी नाकारलं. तिनं पुन्हा मागितला. मी पुन्हा नाकारलं. तिसऱ्यांदा तिनं खाली काहीच लिहिलं नव्हतं. तोही नाकारला.

तिला ती नोकरी मिळाली की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात शाळेत तपासणी झाली. साहेब माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसले. मी पडद्यावर धडा लावला. सुगुणाचा. आवाज तेवढा बंद करून ठेवला होता, बोलत मी होते. पोरं खूश, साहेब खूश. जाताना त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, इतकं सुंदर हे तुम्ही केलंत?"

मी "हो" म्हणाले.