चर्चचा उंबरा

नळदुर्गजवळच्या आमच्या गावातलं चर्च लांबून पाहिलं की नवखा माणूस हमखास चकतो. भिंती काळ्या दगडाच्या, कमानी दर्ग्यासारख्या टोकदार आणि क्रूस वर कुठंतरी लहानसा. ज्या गवंड्यानं ते बांधलं त्यानं तोवर दर्गे आणि गढ्याच बांधल्या होत्या. त्याला येत होतं ते त्यानं केलं. दाराला वीतभर उंच उंबराही घातला. परदेशी फादर म्हणाले, चर्चला उंबरा नसतो. गवंडी म्हणाला, "उंबरा न्हाय ते दार गोठ्याचं." उंबरा राहिला. ही गोष्ट आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला शंभरदा सांगितली असेल.

लहानपणी आम्ही चपला बाहेर काढायचो, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावायचो. डावीकडं बायकांची सतरंजी असायची. मी मुद्दाम तिच्या कडेला, उघड्या फरशीवर बसायची. भर उन्हाळ्यातही ती गार लागे. खरं सांगायचं तर मला देवापेक्षा त्या फरशीचीच ओढ जास्त होती. अजून तो गारवा आठवला की जीव हळवा होतो.

म्हणून गेल्या वर्षी दुरुस्ती निघाली आणि नवे फादर उंबरा काढून उतार करायचं म्हणाले, तेव्हा माझा पारा चढला. उतार कशासाठी, हे मी विचारलंसुद्धा नाही. "आज उंबरा, उद्या कमानी!" मी भर बैठकीत म्हणाले. मी शाळेत बाई होते. अर्ध्या गावाला मी कान धरून उभं केलंय. माझ्या तोंडाला कोण लागणार? विषय तिथंच बारगळला.

घरी येऊन मी फुशारकीनं आबांना सगळं सांगितलं. आबा चाकाच्या खुर्चीत होते. पाय गेल्यापासून दर रविवारी मी त्यांना चर्चसमोरच्या कडुनिंबाखाली बसवून आत जात असे. कुणी उचलून आत न्यायला लागलं की ते चिडायचे, "म्या काय पोतं हाय का?" बाहेर मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, ऐकू येतो की, अशी मी मनाची समजूत घातली होती.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लई चांगलं केलंस. दगडासाठी भांडलीस. म्या वरीसभर भाईर बसलोय. माझ्यासाठी भांडलीस का गं कुणाशी?"

मी तशीच उठून फादरांकडं गेले आणि माझं चुकलं म्हणाले.

आता आबा आत असतात, पुरुषांच्या बाजूला, अगदी पुढं. उंबरा नसलेलं ते दार बघून मला अजून वाईट वाटतं. वाटू दे.